शरद ऋतूत तलावाचं पाणी पालटतं तेव्हा: मासेमारीची सहल कधी आणि कुठे आखावी

थंड प्रदेशातल्या तलावांवर शरद ऋतूत गळ टाकणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "पाणी पालटलंय, आता काही लागायचं नाही." हे वाक्य अर्धंच खरं आहे. पाणी पालटतं आणि त्या दिवसांत मासे गळाला कमी लागतात, इथपर्यंत ठीक. पण सगळ्या तलावांचं पाणी एकाच आठवड्यात पालटत नाही. ज्या तलावाचं पालटून झालेलं असतं तिथे तर वर्षातले फार चांगले दिवस सुरू झालेले असतात. त्यामुळे नवख्याने दोन गोष्टी शिकाव्यात. आपला तलाव आत्ता कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखायचं, आणि टप्पा वाईट निघाला तर सहल रद्द करण्याऐवजी तलाव बदलायचा.

या घटनेला टर्नओव्हर म्हणतात; पुढे मी सरळ 'पालट' म्हणेन. महिने उत्तर गोलार्धातले धरले आहेत. दक्षिणेत हेच सगळं मार्च ते मे या काळात घडतं.

आधी पाण्यात काय घडतं ते समजून घ्या

हा भाग वगळून थेट 'कधी जाऊ' वर उडी मारू नका. पुढचा प्रत्येक निर्णय यावरच उभा आहे.

गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून गरम झालं की हलकं होतं आणि त्याहून थंड झालं तरीही हलकंच होतं. उन्हाळ्यात ऊन वरच्या पाण्याला तापवतं, ते हलकं पाणी वरच राहतं आणि थंड, जड पाणी तळाशी पडून राहतं. वारा वरचा थर ढवळतो, पण त्याचा जोर खालपर्यंत पोचत नाही. या दोन थरांच्या मधे एक पट्टा असतो, तिथे तापमान झपाट्याने उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. एडवर्ड बर्ज या अमेरिकी सरोवर-अभ्यासकांनी १८९७ मध्ये त्यासाठी एक निकष मांडला: खोलीच्या दर मीटरला किमान एक अंशाची घट. मासेमारासाठी आजही तोच सोयीचा आहे.

थर्मोक्लाइन म्हणजे पाण्याखालचं झाकणच. झाकणाच्या वरच्या पाण्याला हवेतून आणि पाणवनस्पतींकडून प्राणवायू मिळत राहतो. खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटलेला असतो. मेलेलं शेवाळ, पानं, मेलेले जीव असं सगळं वरून खाली उतरतं आणि ते कुजताना तळातला प्राणवायू खर्च होत जातो. पोषकद्रव्यांनी भरलेल्या, हिरवट पाण्याच्या तलावात उन्हाळा संपेपर्यंत तळाशी प्राणवायू जवळपास उरतच नाही. बहुतेक माशांना लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅमखाली त्रास व्हायला लागतो, त्यामुळे ते त्या पाण्यात थांबत नाहीत. म्हणून अशा तलावात उन्हाळ्यात मासा शोधणं तुलनेने सोपं असतं: तो थर्मोक्लाइनच्या वर किंवा अगदी तिला लागून असतो. त्याखाली सोडलेलं आमिष वाया जातं.

मग रात्री लांबतात. वरचं पाणी थंडावतं, जड होतं, बुडतं आणि खालच्याशी मिसळतं. वरचा थर जाड होत जातो, झाकण खाली खाली सरकतं. काही आठवड्यांनी वरच्या आणि तळाच्या तापमानात फारसा फरक उरत नाही आणि एखाद्या जोराच्या वाऱ्यात पाणी तळापर्यंत ढवळलं जातं. हाच पालट.

एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. २५ वरून २४ अंशांवर येताना पाण्याच्या घनतेत जितका फरक पडतो, तो ५ वरून ४ वर येतानाच्या फरकाच्या सुमारे तीसपट असतो. म्हणजे उन्हाळ्यातलं झाकण भक्कम असतं, मोठं वादळही ते सहसा उचकटू शकत नाही. पाणी थंडावल्यावर मात्र दोन-तीन अंशांचा फरक शिल्लक असला तरी झाकण अगदी कमजोर झालेलं असतं. एवढ्यासाठीच शरदाच्या उत्तरार्धात वाऱ्याचा अंदाज तापमानाइतकाच काळजीपूर्वक पाहावा.

पायरी १: तुमचा तलाव पालटतो का, ते ठरवा

सगळ्याच तलावांत थर पडत नाहीत. तीन-चार मीटर खोलीचा, वाऱ्याला उघडा तलाव उन्हाळाभर वरचेवर ढवळला जातो. त्याला शरदाचा पालट असा वेगळा नसतोच. ज्या जलाशयातून नदी जोरात वाहते, तिथेही थर टिकत नाहीत. दुसऱ्या टोकाला काही खोल सरोवरं अशी आहेत की त्यांचं तळाचं पाणी वर येतच नाही. आफ्रिकेतलं टांगानिका हे त्यातलं मोठं उदाहरण.

मधल्या तलावांचा क्रम साधारण असा लागतो: लहान आणि उथळ आधी, मोठे आणि खोल नंतर. एकसारख्या खोलीच्या दोन तलावांपैकी डोंगर-झाडीच्या आडोशाला असलेला उशिरा पालटतो, कारण त्याला वारा कमी लागतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं मेंडोटा सरोवर सुमारे २५ मीटर खोल आहे, ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पालटतं. त्याच्या उत्तरेला असूनही अवाढव्य लेक सुपिरियरला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. 'उत्तरेकडे आधी, दक्षिणेकडे नंतर' हा ढोबळ नियम एकटा धरून चालू नका. खोली आणि आकार त्याला सहज उलटवतात.

खोलीचा नकाशा मिळवा. सर्वांत खोल जागा किती मीटर आहे आणि सहा-सात मीटरपेक्षा खोल भाग एकूण तलावाचा किती, एवढं पाहिलंत तरी तलाव कोणत्या गटातला आहे ते कळतं.

पायरी २: तापमान मोजा

मला विचाराल तर नवख्याने नव्या आमिषांवर पैसे घालण्याआधी लांब वायरचा, पाण्यात चालणारा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. वायरीला दर मीटरला पक्क्या रंगाच्या टेपची खूण करा, टोकाशी शिशाचं वजन बांधा, पण संवेदक वजनाच्या वर वीतभर राहू द्या, नाहीतर तो चिखलात रुतून चिखलाचं तापमान दाखवेल.

बोट सर्वांत खोल जागेवर नांगरा. हे महत्त्वाचं आहे. काठालगत पाच मीटरवर मोजून तलावाबद्दल काहीच कळत नाही. संवेदक अर्ध्या मीटरवर सोडा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, लिहून घ्या. मग एकेक मीटर खाली. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर तरी धीर धरा, कारण घाईने सोडलेला संवेदक वरच्या पाण्याचाच आकडा थोडा वेळ दाखवत राहतो. वारा असेल तर वायर तिरकी जाते आणि खूण दहा मीटर सांगत असली तरी खोली आठच असते. अशा वेळी वजन वाढवा.

समजा पृष्ठभागावर १९, सहा मीटरवर १८.५, सात मीटरवर १६, आठवर १३ आणि तळाशी १० असे आकडे आले. इथे झाकण सहा ते आठ मीटरच्या दरम्यान आहे आणि ते भक्कम आहे. पालट अजून बराच लांब आहे. दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी वर १३, दहा मीटरवर १२.५ आणि तळाशी १०.५ मिळाले, तर एका वादळी रात्रीचाच अवकाश आहे. वरपासून तळापर्यंत सगळीकडे ११ च्या आसपास आकडे असतील, तर पालट चालू तरी आहे किंवा नुकताच झाला आहे.

यावरून एक कामाची गोष्ट निघते. पालट कधी होणार हे तळाचं तापमान ठरवतं. मध्यम खोलीच्या पुष्कळ तलावांत तळाचं पाणी ८ ते १२ अंशांचं असतं, म्हणून तिथे पृष्ठभाग १५ वरून १० कडे उतरत असताना पालट होतो. फार खोल तलावाचा तळ ४-६ अंशांवर असतो. तिथे पृष्ठभाग १२ झाला तरी काही घडत नाही. उन्हाळ्यात एकदा जाऊन तळाचा आकडा नोंदवून ठेवलात, तर शरदात फक्त पृष्ठभागाचं तापमान विचारूनही बराचसा अंदाज बांधता येतो.

पायरी ३: डोळे, नाक आणि फिश फाइंडर

थर्मामीटर नसेल तर किंवा असला तरी तलावाकडे नीट पाहा. पालटाच्या दिवसांत पाणी तपकिरी-हिरवट दिसतं, कुजलेल्या वनस्पतींचे तुकडे आणि काळपट गाळाचे गोळे वर तरंगतात, काठाशी फेस साठतो. तळाशी प्राणवायू संपलेला असेल तर तिथे हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. तो वर येतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. हा वास आला की फारशी शंका ठेवू नका. मात्र स्वच्छ, कमी पोषकद्रव्यांच्या तलावात यातलं काहीही दिसत नाही. तिथे पालट गुपचूप होऊन जातो आणि थर्मामीटरशिवाय कळत नाही.

नुसता गढूळपणा पुरावा म्हणून धरू नका. पावसाने ओढ्यातून माती आली तरी पाणी गढूळ होतं, शेवाळ फोफावलं तरी होतं. पाण्याची पारदर्शकता मोजायला सेकी तबकडी वापरतात: २० सेंटीमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची तबकडी दोरीला बांधून खाली सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते पाहायचं. अँजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञांनी १८६५ मध्ये ही पद्धत वापरली, आणि ती घरी बनवता येण्याइतकी साधी आहे. पाऊस न पडता दोन मीटरची दृश्यता एकदम मीटरभरावर आली, तर पालटाचा संशय रास्त आहे.

फिश फाइंडर म्हणजे ध्वनिलहरी सोडून पाण्याखालचं चित्र दाखवणारं बोटीवरचं यंत्र. त्यावर थर्मोक्लाइन धुरकट आडव्या पट्ट्यासारखी दिसते. दोन थरांच्या घनतेतला फरक आणि तिथे साठलेले सूक्ष्म जीव यांच्यामुळे ध्वनिलहरी परततात. यंत्राची संवेदनशीलता थोडी वाढवलीत तर हा पट्टा स्पष्ट होतो. उन्हाळ्यात माशांच्या खुणा बहुतेक त्याच्या वरच असतात. आठवड्याआठवड्याने तो पट्टा खाली जातो, विरळ होतो आणि एक दिवस दिसेनासा होतो. त्यानंतर पूर्वी रिकामा असलेल्या खोल भागात खुणा दिसू लागल्या, की तळाशी प्राणवायू पोचला असं समजा.

पायरी ४: टप्प्याप्रमाणे ठरवा

*पालटाआधी.* पृष्ठभाग २० वरून १५ अंशांकडे येत असतो आणि मासे भरपूर खात असतात. पाणवनस्पती अजून हिरव्या असतात, लहान मासे त्यांच्या आडोशाला असतात आणि त्यांच्यामागे बास, पाईक हे शिकारी मासे येतात. झाकणाच्या वर राहून, हिरव्या वनस्पतींच्या बाहेरच्या कडेने गळ टाका. तपकिरी पडलेल्या, मऊ झालेल्या वनस्पती टाळा. त्या कुजताना आसपासचा प्राणवायू कमी करतात आणि मासे तिथून निघून जातात.

*पालट चालू असताना.* हा टप्पा काही दिवसांपासून एक-दोन आठवड्यांपर्यंत चालतो. तळाचं प्राणवायूविना राहिलेलं पाणी सगळीकडे मिसळल्याने काही काळ पूर्ण तलावातलाच प्राणवायू उतरू शकतो. लहानशा, पोषकद्रव्यांनी लदलेल्या तळ्यात हे एका रात्रीत घडलं तर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेताना दिसतात, कधी मरतातही. मोठ्या तलावात इतकं टोकाचं क्वचित होतं, पण मासे पांगतात. उन्हाळाभर ज्या खोलीवर खात्रीने मिळत होते तिथे ते नसतात, कारण त्यांना तिथे रोखून धरणारं झाकणच गेलेलं असतं. त्यांचं भक्ष्यही विखुरलेलं असतं.

शिवाय पालटाला शेवटचा धक्का देणारी थंड हवेची लाट माशांना स्वतंत्रपणेही सुस्तावते. लोक सगळा दोष पालटाला देतात. माझ्या मते त्यातला मोठा वाटा त्या लाटेचा असतो. दोन-तीन दिवस हवा स्थिर राहिली की पाणी गढूळ असतानाही मासे पुन्हा आमिष घेऊ लागतात, यावरून तो वाटा लक्षात येतो.

या टप्प्यात सर्वांत चांगला उपाय म्हणजे दुसऱ्या तलावावर जाणं. जवळपासचा उथळ तलाव आधीच स्थिरावलेला असतो, एखाद्या खोल तलावात थर अजून शाबूत असतात. नदी हा तर कायमचा पर्याय, वाहत्या पाण्यात हा प्रश्न येतच नाही. त्याच तलावावर राहावं लागलं तर ओढ्याचं तोंड आणि हिरव्या वनस्पती शिल्लक असलेल्या उथळ खाड्या पाहा. खाड्या मुख्य तलावाच्या आधी थंडावून स्थिर झालेल्या असतात. गढूळ पाण्यात माशाला दूरचं दिसत नाही, म्हणून कंप पावणारं किंवा वास असलेलं आमिष वापरा आणि एका जागी तासन्‌तास बसू नका.

*पालटानंतर.* मला सगळ्यांत आवडणारा काळ हाच. पाणी निवळतं, पृष्ठभाग १० वरून ४ कडे उतरत असतो आणि प्राणवायू थेट तळापर्यंत असतो. थंड पाण्यात तो मावतोही अधिक: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर १० अंशांना ११ च्या वर. माशाला आता सगळा तलाव मोकळा असतो, म्हणून तो कुठेही असू शकतो. पण प्रत्यक्षात जिथे उथळ भाग एकदम खोल उतरतो अशा तीव्र उतारांवर तो जमतो. तिथे थोडंसं सरकून त्याला खोली बदलता येते. खडकाळ टोकं, पाण्याखालचे उंचवटे आणि त्यांच्या बाहेरच्या कडा आधी तपासा.

ज्या तलावांत सिस्को हा थंड पाण्यातला चंदेरी मासा असतो, तिथे उन्हाळ्यात तो वरचं गरम पाणी आणि खालचं प्राणवायूविना पाणी यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात कोंडलेला असतो. पालटानंतर तो मोकळा होतो आणि पाणी ४-५ अंशांवर आल्यावर अंडी घालायला उथळ भागात येतो. मोठे पाईक त्याच्या मागावर असतात. मोठा पाईक हवा असणाऱ्याने शरदाचा हाच शेवट धरावा, उथळ खडकाळ पट्ट्यांवर आणि लगतच्या उतारावर.

पाणी जितकं थंड, तितकं आमिष हळू फिरवा. ६-७ अंशांच्या पाण्यात मासा पाठलाग करत नाही, त्याच्या तोंडासमोर आमिष थबकलं पाहिजे. दिवसाची वेळही बदलते: उन्हाळ्यात पहाट चांगली, आता दुपार. दुपारच्या उन्हाने उथळ पाणी एखाद-दुसऱ्या अंशाने तापलं तरी फरक पडतो.

पायरी ५: सहल आखा

तारीख आधीच पक्की करावी लागत असेल तर निदान तलाव मोकळा ठेवा. गाडीने जाता येतील असे तीन तलाव निवडा: एक उथळ, एक मध्यम, एक खोल. निघण्याच्या आठवडाभर आधी तिन्हींचं पृष्ठभागाचं तापमान मिळवा. स्थानिक मासेमार, बोट भाड्याने देणारे, आमिषाचे दुकानदार यांना एवढं नक्की माहीत असतं. 'मासे लागतायत का' असं विचारण्यापेक्षा 'पाणी किती अंशांवर आहे, रंग कसा आहे' असं विचारा, उत्तरं जास्त खरी मिळतात.

मग हवामान पाहा. जो तलाव पालटाच्या उंबरठ्यावर आहे, त्यावर येत्या दोन दिवसांत जोराचा वारा आणि थंड रात्री येणार असतील तर तो यादीतून काढा. लाट येण्याच्या आदल्या दिवशी मासे बहुधा जोरात खातात, त्यामुळे एक दिवस आधी निघता आलं तर निघा. लाटेनंतर जायचं असेल तर हवा दोन-तीन दिवस स्थिर होऊ द्या.

तारीख बदलता येत असेल तर मध्यम तलावासाठी दोन खिडक्या चांगल्या: पृष्ठभाग १८ ते १५ अंशांवर असताना, किंवा पाणी निवळून १० च्या खाली गेल्यावर. पहिली खिडकी संख्या देते, दुसरी आकार.

परवाना आणि नियम आधी वाचा. ब्राउन ट्राउट, ब्रुक ट्राउट आणि लेक ट्राउट शरदात अंडी घालतात, म्हणून अनेक ठिकाणी या काळात त्यांची मासेमारी बंद असते किंवा ठराविक भाग राखीव असतात.

थंड पाण्याची दोन पथ्यं

लाइफ जॅकेट अंगावर हवं, बोटीच्या तळाशी नको. १५ अंशांखालच्या पाण्यात माणूस अचानक पडला की पहिल्याच मिनिटात श्वास अनावर होतो, धापा लागतात आणि तोंडात पाणी जातं. उत्तम पोहणाराही त्यात सापडतो. हाताची बोटं काही मिनिटांतच बधिर होऊ लागतात, मग जॅकेट शोधून अंगावर चढवणं जमत नाही. कोरड्या कपड्यांचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा आणि काठावर कोणाला तरी परतीची वेळ सांगून निघा.

दुसरं पथ्य माशाच्या बाजूचं. पालटानंतर मासे उन्हाळ्यापेक्षा बरेच खोल सापडतात. सुमारे दहा मीटरहून खोल पाण्यातून पर्च किंवा वॉलाय जातीचा मासा वर ओढला की दाब एकदम उतरल्याने त्याची हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडात येतं. असा मासा सोडला तरी त्याला खाली जाता येत नाही आणि तो बहुतेक वेळा मरतो. खाण्यासाठी ठेवायचे असतील तर खोल पाण्यात परवानगीइतके पकडा आणि तिथे थांबा. पकडून सोडायचे असतील तर त्या दिवशी दहा मीटरच्या वरच्या पाण्यातच गळ टाका.